त्रैक्य: तीन देव नव्हेत, आणि एका देवाची तीन सोंगंही नव्हेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही ख्रिस्ती घरात वाढलात, रविवारी संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवता. ऑफिसमधले मित्र विचारतात, तुमचा देव एकच म्हणता, मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन कोण? एक जण म्हणाला, हे आमच्या दत्तासारखंच ना? दुसऱ्याने मोबाइलवर योहान १४:२८ काढून दाखवलं, 'पिता माझ्यापेक्षा थोर आहे', आणि म्हणाला, बघ, येशू स्वतःच सांगतोय. त्यातच 'त्रैक्य' (ट्रिनिटी, म्हणजे एकाच देवात हे तिघं) हा शब्द बायबलमध्ये कुठेच नाही हे तुमच्या लक्षात आलं, आणि आता मुलांपुढे काय बोलावं ते सुचेनासं झालं आहे.

मी बरीच वर्षं बाप्तिस्म्याच्या आणि दृढीकरणाच्या वर्गांना शिकवतो आहे. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वर्गात येतो आणि तो यावा असंच मला वाटतं. उत्तर सविस्तर देतो, कारण दोन ओळींत दिलेलं उत्तर या विषयात हमखास चुकतं.

आधी आकडा बाजूला ठेवा. 'एक अधिक एक अधिक एक बरोबर एक कसं' असा प्रश्न घेऊन कोणी बसलं आणि त्यातून हा सिद्धांत निघाला, असं झालेलं नाही. सुरुवात झाली ती येशूपासून. त्याला भेटलेली, त्याच्याबरोबर जेवलेली, त्याचं मरण पाहिलेली माणसं सगळी यहूदी होती. देव एकच आहे हे वाक्य ती रोज सकाळ-संध्याकाळ म्हणत. अनुवाद ६:४ मधलं ते वचन, 'शेमा'. या बाबतीत यहूदी समाज किती कडवा होता बघा: सम्राट कालिगुलाने आपला पुतळा यरुशलेमच्या मंदिरात बसवण्याचा हुकूम सोडला, तेव्हा हजारो लोक रोमी अधिकाऱ्यासमोर माना पुढे करून उभे राहिले. मारा, पण हे होऊ देणार नाही. येशूच्या मृत्यूनंतर दहा-बारा वर्षांच्या आतली ही गोष्ट आहे. अशा लोकांनी एका माणसाला देव म्हणायला सुरुवात करावी, ही सहजासहजी घडणारी गोष्ट नव्हे.

तरी त्यांच्यातल्याच काहींनी ती केली, आणि तीही फार लवकर. पौल हा ख्रिस्ताचा सुरुवातीचा प्रेषित, आणि त्याचं करिंथकरांना पहिलं पत्र साधारण इ.स. ५५ च्या आसपासचं. त्यातला ८:६ हा श्लोक सावकाश वाचा. शेमामध्ये दोन शब्द आहेत, 'देव' आणि 'परमेश्वर' म्हणजे 'प्रभू', आणि दोन्ही एकाच्याच बाबतीत वापरले आहेत. पौल तेच दोन शब्द घेतो. 'आपला एकच देव, म्हणजे पिता, त्याच्यापासून सर्व काही' असं म्हणतो, आणि लगेच 'एकच प्रभू, म्हणजे येशू ख्रिस्त, त्याच्या द्वारे सर्व काही' असं जोडतो. त्याने शेमाच्या शेजारी दुसरा देव आणून बसवला नाही. त्याने येशूला शेमाच्या आत ठेवलं. आणि हे तो करतो कुठे, तर मूर्तींना वाहिलेलं मांस खावं की नाही या चर्चेत, जिथे 'देव एकच' हाच त्याचा मुद्दा आहे.

फिलिप्पैकरांच्या पत्रात (२:१०-११) तो आणखी पुढे जातो. येशूच्या नावाने प्रत्येक गुडघा टेकेल, प्रत्येक जीभ कबूल करेल, हे शब्द यशया ४५:२३ मधले आहेत. तिथे ते स्वतः परमेश्वर बोलतो, आणि त्याच अध्यायात पुन्हा पुन्हा बजावतो की माझ्यावाचून दुसरा देव नाही. एकेश्वरवादाचा सगळ्यांत ठाम अध्याय पौल उघडतो आणि त्यातला मान येशूला देतो. हे त्याच्या हातून अनवधानाने झालं असेल असं मला वाटत नाही. तो गमलियेल या नामांकित यहूदी गुरूच्या पायाशी शिकलेला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला होता, त्याला यशया तोंडपाठ असणार.

म्हणून 'त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये नाही' या आक्षेपाला घाबरू नका. शब्द नाही, हे खरंच आहे. अंताकियाच्या थिओफिलसने सन १८० च्या सुमारास 'त्रयी' या अर्थाचा ग्रीक शब्द वापरला, आणि कार्थेजच्या तर्तुल्लियनने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लॅटिनमध्ये 'त्रिनितास' रूढ केला. पण शब्दाच्या कितीतरी आधी प्रार्थना होती. रोमी अधिकारी प्लिनीने सन ११२ च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या बिथुनियाहून सम्राट त्राजानला पत्र लिहिलं. चौकशीत त्याला कळलं होतं की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तोत्रं गातात. आपल्याकडे रविवारच्या भक्तीत ना. वा. टिळकांची भजनं म्हणताना आपण नेमकं तेच करत असतो. ती भजनं ख्रिस्ताची माहिती देत नाहीत, ख्रिस्ताशी बोलतात. शिकवण नंतर आली. आपण जिची उपासना करतोय ती व्यक्ती कोण आहे, हे नीट सांगायची वेळ आली म्हणून ती आली.

आता मार्क १:९-११ काढा. मुलांना शिकवायलाही हाच उतारा घ्या. येशू यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन पाण्यातून वर येतो. त्याच क्षणी आकाश फाटतं, आत्मा कबुतरासारखा त्याच्यावर उतरतो, आणि वरून वाणी होते की तू माझा प्रिय पुत्र. बोलणारा एक, ऐकणारा एक, आणि दोघांच्या मधे उतरणारा एक. हे तिघं एकाच वेळी आहेत, एकामागून एक येत नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवलीत तर एक मोठी आणि फार लोकप्रिय चूक टळेल.

ती चूक म्हणजे पाण्याचा दृष्टांत. पाणी, बर्फ, वाफ, तिन्ही एकच. ऐकायला गोड लागतो, मुलांना पटकन कळतो, आणि पूर्ण चुकीचा आहे. तेच पाणी एकाच वेळी बर्फ आणि वाफ होत नाही, आणि बर्फ वाफेला 'तू माझ्यावर प्रीती केलीस' असं म्हणत नाही. या मताला मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, इतिहासात नाव आहे. तिसऱ्या शतकात रोममध्ये साबेल्लियस नावाच्या शिक्षकाशी ते जोडलं गेलं: देव एकच, तो कधी पिता म्हणून, कधी पुत्र म्हणून, कधी आत्मा म्हणून प्रकट होतो. मंडळीने ते नाकारलं. कारण हे खरं असेल तर पकडला जाण्याआधी गेथशेमानेच्या बागेत घाम गाळत येशूने केलेली प्रार्थना हे नुसतं नाटक ठरतं. तो कोणाशी बोलत होता? स्वतःशीच? 'एकच माणूस वडील, नवरा आणि साहेब असतो' हा दृष्टांतही त्याच खड्ड्यात पडतो. संडे स्कूलच्या वहीत यांपैकी काही लिहून घेतलेलं असेल तर काढून टाका. मुलं पुढे पंधरा-सोळा वर्षांची होतात, त्यांना त्यातली भेग दिसते, आणि मग त्यांना वाटतं की शिकवणच पोकळ आहे.

दुसऱ्या बाजूची चूक आरियसची. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला आलेक्झांड्रियात हा धर्मगुरू होता, विद्वान, साधा राहणारा, लोकप्रिय. त्याचं म्हणणं असं: देव एकच, अजन्मा. पुत्र हा देवाने सगळ्यांआधी निर्माण केलेला, सगळ्यांत श्रेष्ठ, पण शेवटी निर्माण केलेलाच. 'तो नव्हता, असं एकदा होतं' ही त्याची घोषणा झाली. तुमच्या मित्राचं म्हणणं याहून वेगळं नाही, आणि आरियसलाही ते देवाचा मान राखण्यासाठीच म्हणायचं होतं, हे त्याच्याविषयी प्रामाणिकपणे सांगायला हवं.

त्याला सर्वांत खोल उत्तर दिलं आथानासियसने, जो पुढे आलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष झाला. त्याचा मुद्दा साधा होता. जो स्वतः निर्मिती आहे तो दुसऱ्या निर्मितीला देवाशी जोडू शकत नाही. येशूमध्ये आपल्याकडे आला तो देवाचा कोणी वरिष्ठ दूत असेल, तर देव स्वतः आलाच नाही, त्याने माणूस पाठवून काम भागवलं. आणि आपण येशूची उपासना करतो, त्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो, ती मग मूर्तिपूजाच झाली. आरियसचे लोकही येशूची उपासना करत होतेच, आणि आथानासियस नेमकं तिथेच बोट ठेवतो. वर्गात मी इथे थांबतो आणि कोणाला काही विचारायचं आहे का ते पाहतो, कारण त्रैक्याचा प्रश्न हा खरं तर तारणाचा प्रश्न आहे, हे इथे कळतं. क्रुसावर कोण होता? देवाने दुसऱ्या कोणाला तिथे पाठवलं, की तो स्वतः गेला?

सन ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने निकेया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकमध्ये, धर्माध्यक्षांची परिषद बोलावली. तिने विश्वासांगीकारात, म्हणजे मंडळीने एकत्र म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, घातलं की पुत्र हा जन्मलेला आहे, निर्माण केलेला नाही, आणि पित्याशी एकतत्त्व आहे. माणूस खुर्ची बनवतो तेव्हा ती माणूस नसते, पण त्याला मूल होतं तेव्हा ते माणूसच असतं. 'जन्मलेला' या शब्दात एवढंच सांगायचं आहे. देवाला बायको होती, किंवा मरिया त्रैक्यातली कोणी आहे, असं त्रैक्य मानणाऱ्या कोणत्याही मंडळीने कधी शिकवलेलं नाही. मुसलमान मित्र हे विचारतात तेव्हा त्यांना शांतपणे एवढंच सांगा.

कॉन्स्टंटाइनने राजकारणासाठी येशूला देव ठरवलं, हे वाक्य हल्ली व्हॉट्सॲपवर फिरतं. त्याचा हिशेब तारखांशी जुळत नाही. पौलाचं पत्र त्याच्या पावणेतीनशे वर्षं आधीचं. शिवाय याच कॉन्स्टंटाइनने ३३५ मध्ये आथानासियसला हद्दपार करून ट्रियरला धाडलं, आणि ३३७ मध्ये मरणापूर्वी बाप्तिस्मा घेतला तो निकोमेडियाच्या युसेबियसकडून, जो आरियसचा पाठीराखा होता. त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस तर उघडपणे निकेयाच्या विरोधात होता. आथानासियस पाच वेळा हद्दपार झाला, धर्माध्यक्षपदाच्या पंचेचाळीस वर्षांपैकी सुमारे सतरा वर्षं त्याने बाहेर काढली. सत्ता बराच काळ निकेयाच्या बाजूला नव्हतीच.

हा वाद फक्त पंडितांत नव्हता. त्याच शतकातला धर्माध्यक्ष, निस्साचा ग्रेगरी, कॉन्स्टँटिनोपलच्या रस्त्यांचं वर्णन करतो: सुटे पैसे मागायला जावं तर सराफ जन्मलेला आणि अजन्मा यांवर तत्त्वज्ञान ऐकवतो. पावाचा भाव विचारावा तर दुकानदार म्हणतो, पिता थोर आहे, पुत्र त्याच्या खालचा. आंघोळीचं पाणी तयार आहे का विचारावं, तर हमामातला माणूस सांगतो की पुत्र शून्यातून निर्माण झाला. म्हणजे तुमच्या मित्राने मोबाइलवर दाखवलेलं वचन सोळाशे वर्षांपूर्वी पाववाल्याच्या तोंडात होतं.

मग त्या वचनाचं काय? योहान १४:२८ ला मंडळीने बगल दिलेली नाही. जुन्या आचार्यांनी ते दोन तऱ्हांनी वाचलं. एक, उत्तर आफ्रिकेतला धर्माध्यक्ष ऑगस्टीन याची वाट: पुत्राने दासाचं रूप घेतलं (फिलिप्पै २:७), माणूस म्हणून तो पित्याहून लहान आहे, देव म्हणून समान. भूक लागणं, थकणं, त्या दिवसाविषयी ठाऊक नसणं (मार्क १३:३२) हे सगळं तो खराखुरा माणूस झाला याचं चिन्ह. दुसरी, कप्पदुकियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) आचार्यांची: पिता थोर आहे तो उगम म्हणून, दर्जाने नव्हे. पुत्राला जे आहे ते सगळं पित्याकडून आहे, पण ते पित्यापेक्षा तसूभरही कमी नाही. मला दोन्ही वाचनं एकत्र धरावीशी वाटतात. वरच्या माडीवर, पकडला जाण्याच्या रात्री, आपल्याला सोडून तो जातोय म्हणून रडवेल्या झालेल्या शिष्यांना तो हे सांगतोय, की मी पित्याकडे जातो याचा आनंद माना. त्याच शुभवर्तमानात, त्याच लेखकाने, शेवटी थोमाच्या तोंडी 'माझ्या प्रभू, माझ्या देवा' हे शब्द दिले आहेत (२०:२८), आणि येशूने त्याला अडवलेलं नाही. मित्राला एक वचन दाखवू द्या, पण मग दोघांनी मिळून योहानाचे १४ ते १७ अध्याय वाचा.

एक सावधगिरीचा सल्ला. वादात १ योहान ५:७ वापरू नका. 'स्वर्गात साक्ष देणारे तिघे, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत' (इथे 'शब्द' म्हणजे पुत्र) असं वाक्य इंग्रजी किंग जेम्स भाषांतरात आहे, पण जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. ग्रीक नवा करार छापणारा विद्वान इरॅस्मस याने १५१६ आणि १५१९ च्या आपल्या ग्रीक आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, दबाव आला आणि १५२२ च्या आवृत्तीत घातलं. निकेयाच्या लोकांनीही आपला मुद्दा त्या वाक्यावर उभारला नव्हता. खऱ्या गोष्टीला खोट्या पुराव्याचा टेकू लावला की ऐकणाऱ्याचा खऱ्या पुराव्यावरचाही विश्वास उडतो.

आता 'तीन देव का नाहीत' याकडे येऊ. आब्लाबियस नावाच्या एकाने निस्साच्या ग्रेगरीला अगदी तुमच्या मित्राचा प्रश्न विचारला होता. पेत्र, याकोब, योहान यांचा मनुष्यस्वभाव एकच, तरी आपण त्यांना तीन माणसं म्हणतो. मग पिता, पुत्र, आत्मा यांना तीन देव का म्हणू नये? ग्रेगरीचं उत्तर वाचताना मला आजही त्या माणसाच्या नजरेचं कौतुक वाटतं. तो म्हणतो, तीन माणसं एकाच पेशाची असली तरी प्रत्येकाचं काम सुटं असतं. तीन वक्ते असले तर तीन भाषणं होतात. देवाच्या बाबतीत तसं नाही. जे काही देव करतो ते पित्यापासून निघतं, पुत्राच्या द्वारे येतं आणि आत्म्यात पूर्ण होतं, आणि ते एकच कृत्य असतं, तीन कृत्यांची बेरीज नसते. आपल्याला जीवन मिळतं ते एकच, तिघांकडून तीन जीवनं मिळत नाहीत.

इथे 'व्यक्ती' या शब्दाने घोटाळा होतो, म्हणून एवढं सांगतो. आजच्या बोलण्यात व्यक्ती म्हणजे स्वतंत्र मन, स्वतंत्र मर्जी, स्वतंत्र आधार कार्ड. चौथ्या शतकातल्यांना ते म्हणायचं नव्हतं. कैसरियाचा बासिल, त्याचा भाऊ निस्साचा ग्रेगरी आणि मित्र नाझियानझसचा ग्रेगरी यांनी दोन प्रश्न वेगळे केले: देव 'काय' आहे, आणि 'कोण' आहे. 'काय' याचं उत्तर एक. 'कोण' याची उत्तरं तीन. आणि तिघांतला फरक फक्त नात्याचा. पिता कोणापासून नाही, पुत्र पित्यापासून जन्मलेला, आत्मा पित्यापासून निघणारा. याखेरीज जे पित्याचं आहे ते सगळं पुत्राचं आणि आत्म्याचं आहे. शक्ती वाटून घेतलेली नाही, बुद्धी वाटून घेतलेली नाही. म्हणून १+१+१ हे गणित मुळात लागूच पडत नाही, कारण ज्यांची बेरीज करायची ते एकाच जातीचे तीन नग नाहीत. ऑगस्टीनने या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात कबूल केलं की 'तीन काय?' असं विचारलं तर मानवी भाषा अगदी दरिद्री ठरते. आम्ही 'तीन व्यक्ती' म्हणतो ते सगळं सांगून झालं म्हणून नव्हे, तर गप्प बसावं लागू नये म्हणून. हे शब्द विहिरीभोवतीच्या कठड्यासारखे आहेत. कठडा पाणी पाजत नाही, पण पडू देत नाही.

दत्ताच्या प्रश्नाला आदराने उत्तर द्या. दत्तभक्त त्या रूपाकडे कोणत्या भावाने पाहतो ते त्यानेच सांगावं, आपण त्याच्या वतीने बोलू नये. पण ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्याकडे उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामं आहेत अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, तिच्याशी त्रैक्याची तुलना केली तर फरक लगेच दिसतो. ख्रिस्ती शिकवणीत कामाची वाटणी नाही. सृष्टी पित्याने निर्माण केली, शब्दाच्या द्वारे केली (योहान १:३), आणि पाण्यावर देवाचा आत्मा होता (उत्पत्ती १:२). तारणातही तिघं, न्यायातही तिघं. आणि दुसरं, पुत्र देह धारण करतो तो एकदाच, हेरोद राजाच्या काळात, आणि तो देह कायमचा त्याचा राहतो.

भारतीय विचारातली याहून जवळची तुलना 'सच्चिदानंद' आहे, आणि ती विचारवंतांनी खरोखर करून पाहिली आहे. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी १८८२ च्या एका व्याख्यानात त्रैक्य आणि सत्-चित्-आनंद यांची सांगड घातली. मग बंगालमधले ख्रिस्ती विचारवंत ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ मध्ये 'वन्दे सच्चिदानन्दम्' हे संस्कृत स्तोत्र रचलं. मला ती वाट मोलाची वाटते. एकाच तत्त्वात भेद न करता तीन म्हणता येतात, हे भारतीय कानाला त्यात लगेच कळतं. पण सत् चित्-शी बोलत नाही. गेथशेमानेतली हाक त्यात येत नाही. उपाध्यायांना ते ठाऊक असणार, कारण सच्चिदानंदाला वंदन केल्यावर त्यांनी पिता, पुत्र, आत्मा यांच्यासाठी वेगवेगळी कडवी लिहिली. त्यांच्याही कितीतरी आधी, १६१६ मध्ये, गोव्यात रायतूरच्या छापखान्यातून निघालेल्या, थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूच्या ख्रिस्तपुराणाची सुरुवात मराठी ओवीत याच तिघांना नमन करून होते.

आणि प्रश्न विचारले म्हणून आपण कमी विश्वासू आहोत असं मनात आणू नका. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. त्याआधी नीलकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, यांच्या लिखाणाने त्यांच्या बऱ्याच शंका फेडल्या होत्या. पण त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व, चमत्कार यांवरचे प्रश्न तिथे संपले नाहीत. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा याच विषयांवर मोठा पत्रव्यवहार झाला. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: एका पुरोहितवर्गाचं जू नुकतंच कष्टाने उतरवलं आहे, ते दुसऱ्याचं मानेवर घेण्यासाठी नव्हे. जे पटेल ते शास्त्रातून पटलं पाहिजे. पुढे त्याच रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ चं संजीवन, म्हणजे मोठी धर्मजागृती, झालं, ज्यात पवित्र आत्म्याची भाषा हीच सगळ्यांच्या तोंडी होती, आणि आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू व ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घातली. वर्गात एखादी मुलगी हट्टाने प्रश्न विचारत राहते तेव्हा मी तिला रमाबाईंचं नाव सांगतो.

पवित्र आत्म्याबद्दल मात्र आपल्याकडे फार कमी बोललं जातं, आणि ते मला सलतं. निकेयाच्या मूळ विश्वासांगीकारातही तसंच होतं, 'आणि पवित्र आत्म्यावर' एवढ्यावर तो थांबला होता. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडलेल्या विश्वासांगीकारात पुढची ओळ आली: तो प्रभू आहे, जीवन देणारा आहे, पिता आणि पुत्र यांच्याबरोबर त्याची उपासना होते. (तो 'पुत्रापासूनही' निघतो की नाही, यावर पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या मंडळ्यांचं आजही एकमत नाही. संडे स्कूलमध्ये त्यात शिरायची गरज नाही.) आत्मा म्हणजे एखादी शक्ती, करंट, असं मुलं समजतात. त्यांना गलतीकरांस पत्र ४:६ वाचून दाखवा: देवाने आपल्या पुत्राचा आत्मा आपल्या अंतःकरणात पाठवला, आणि तो 'अब्बा, बापा' अशी हाक मारतो. येशू ज्या शब्दाने पित्याला हाक मारत होता तोच शब्द आत्मा आपल्या तोंडी घालतो. म्हणजे आपण प्रार्थना करतो तेव्हा त्रैक्याकडे बाहेरून बघत नसतो, पुत्राच्या जागी उभं राहून बोलत असतो. 'जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस' (योहान १७:२४) हे वचन याला जोडून घ्या. देव प्रीती आहे असं आपण म्हणतो. जग नव्हतं तेव्हाही तो प्रीतीच होता, कारण तेव्हाही तो कोणावर तरी प्रीती करत होता. त्याला प्रीती करायला आपली गरज नव्हती, म्हणून त्याने आपल्याला केलं ते निव्वळ देणं आहे.

तुम्ही शेवटी विचारलं आहे की मग प्रार्थना नेमकी कोणाला म्हणायची, पित्याला की येशूला, आणि मुलांनी 'येशूबाप्पा' म्हटलेलं चालेल का. हा प्रश्नही जुना आहे. कैसरियाचा बासिल भक्तीत कधी 'पित्याला, पुत्राच्या द्वारे, पवित्र आत्म्यात गौरव असो' असं म्हणे, कधी 'पित्याला, पुत्रासह, पवित्र आत्म्याबरोबर' असं म्हणे. लोकांनी त्याला धारेवर धरलं की हे दोन सूर कसे? सन ३७५ च्या सुमारास त्याने पवित्र आत्म्यावर ग्रंथ लिहिला तो याच तक्रारीवरून. त्याचं म्हणणं, दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात कृपा आपल्यापर्यंत कशी येते ते सांगितलं जातं, दुसऱ्यात तिघांचा मान सारखाच आहे हे. आपल्या भक्तीतल्या बहुतेक प्रार्थना पित्याला उद्देशून सुरू होतात आणि 'येशू ख्रिस्ताच्या द्वारे' संपतात, ती पहिली रीत. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन मरताना 'हे प्रभू येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर' असं थेट येशूला म्हणाला (प्रेषितांची कृत्ये ७:५९), ती दुसरी. मुलांना दोन्ही शिकवा. प्रभूची प्रार्थना रोज म्हणू द्या, ती पित्याला आहे, आणि झोपताना 'येशूबाप्पा' म्हणाली तर अडवू नका. वर्ग संपवताना २ करिंथ १३:१४ चं आशीर्वचन सगळ्यांकडून म्हणून घ्या. ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती, पवित्र आत्म्याची सहभागिता, तिन्ही त्या एका वाक्यात आहेत, आणि ते मुलांना सहज पाठ होतं.